पोरगं पायलट झालं. आता भरतीच्या टेबलापुढे जाताना

या पानावर एरवी आपण बियाणे, खते, फवारणी आणि अनुदानाच्या गोष्टी बोलतो. आजचा विषय जरा वेगळा आहे. पण तोही जमिनीशीच जोडलेला आहे, हे वाचता वाचता आपल्या ध्यानात येईल.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या मंडळातील एक कांदा उत्पादक कांदाचाळीच्या अनुदानाची चौकशी करायला आले. सगळे त्यांना नाना म्हणतात. काम झाले तरी नाना उठेनात. शेवटी त्यांनी पिशवीतून एक फाईल काढली आणि हळूच म्हणाले, "साहेब, पोरगं पायलट झालंय. लायसन्स मिळून दोन वर्षं होत आली, पण घरीच आहे. मुंबईला विमान कंपन्यांचा भरती मेळावा आहे म्हणतो. काय काय न्यायचं, कसं बोलायचं, तुम्ही जरा बघता का?"

मी म्हटले, "नाना, मी शेतीखात्याचा माणूस. मला विमानातलं काय कळतंय?" तर म्हणाले, "विमानातलं त्याला कळतंय. कागदातलं तुम्हाला कळतं. तीन एकर बागायत गहाण टाकलीय साहेब."

त्या तीन एकरांमुळे मी फाईल उघडली. पुढे डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे नियम वाचले, एका माहितगार वैमानिकाला चार गोष्टी विचारल्या आणि नानांच्या मुलाशी तीन-चार वेळा बसून बोललो. त्यातून जे हाती आले ते इथे मांडतो. आज गावोगावी बारावी शास्त्र झालेली मुले-मुली या वाटेला लागली आहेत. आपल्या घरी नसले तरी भावकीत, शेजारी कुणीतरी असेल.

आधी एक घोटाळा दूर करू

पुष्कळांना वाटते, शेतात ड्रोन उडवणारा तो पायलट आणि विमानाचा तोही पायलट. नाव एक असले तरी दोन्ही धंदे वेगळे. ड्रोनचे प्रशिक्षण थोड्या दिवसांचे असते आणि त्याला दहावी पास चालतो. विमानाच्या व्यावसायिक लायसन्साला, ज्याला सीपीएल म्हणतात, बारावीला भौतिकशास्त्र व गणित असावे असा आजवरचा नियम आहे. तो बदलण्याची चर्चा २०२५ मध्ये झाली, म्हणून प्रवेशाआधी डीजीसीएची ताजी सूचना वाचावी. वय १८ पूर्ण, विमान चालविण्याचे २०० तास, त्यातले १०० तास स्वतःच्या जबाबदारीवर, शिवाय हवामान, दिशाशोधन, हवाई नियम, विमानाचे तंत्र असे पेपर, रेडिओवर बोलण्याचा परवाना, इंग्रजी संभाषणाची चाचणी आणि पहिल्या वर्गाची वैद्यकीय तपासणी, एवढे सगळे झाल्यावर सीपीएल मिळते.

आता महत्त्वाचे ऐका. सीपीएल मिळाले म्हणजे नोकरी मिळाली असे नाही. ते नोकरी मागण्याचे लायसन्स आहे. दोनशे तास बहुतेक छोट्या, चार आसनी विमानावर झालेले असतात. प्रवासी विमानावर बसायचे तर त्या त्या विमानाचे वेगळे प्रशिक्षण लागते, त्याला टाइप रेटिंग म्हणतात. त्यानंतरही सुरुवात सहवैमानिक म्हणून होते. कॅप्टन व्हायला पुढचे मोठे लायसन्स आणि किमान १५०० तास लागतात. तेव्हा "पोरगं पायलट झालं" म्हणून पेढे वाटले तरी वाट अजून बरीच बाकी असते, हे घरच्यांनी जाणून असावे.

कागद घरातच जुळवा

नानांची फाईल उघडली आणि पहिल्याच पानाला अडलो. दहावीच्या दाखल्यावर वडिलांचे नाव "बाळासाहेब", आधार कार्डावर "बाळासो", पासपोर्टावर तिसरेच स्पेलिंग. मुलाची जन्मतारीख सगळीकडे एक होती, हे नशीब. आपल्याकडे हे घरोघरी आहे. सात-बारावर एक नाव, शाळेत दुसरे, मतदार यादीत तिसरे. शेतीच्या कामात आपण प्रतिज्ञापत्र करून वेळ मारून नेतो. पण विमान कंपनीच्या टेबलापुढे बसलेला माणूस शेकडो फाईली बघत असतो. त्याला बाळासो आणि बाळासाहेब एकच हे समजावून सांगायला आपल्याला तिथे दहा मिनिटे मिळत नाहीत.

म्हणून दहावीचे प्रमाणपत्र, पासपोर्ट, आधार आणि डीजीसीएकडची नोंद या चारही ठिकाणी नाव व जन्मतारीख अक्षर न अक्षर सारखी असावी. फरक असेल तर मेळाव्याच्या आठवडाभर आधी नव्हे, निदान तीन-चार महिने आधी दुरुस्तीला लागावे. नाव खरोखरच बदलायचे असेल तर शासन राजपत्रात प्रसिद्धी लागते.

इथे ग्रामसेवक आणि तलाठी भाऊसाहेबांना विनंती आहे. (पदांची नावे आता बदलली, पण गाव तुम्हाला याच नावाने हाक मारते.) जन्माचा दाखला देताना, उत्पन्नाच्या दाखल्याची चौकशी करताना एखादी वेलांटी चुकली तर ती पुढे वीस वर्षे त्या पोराच्या मागे फिरते. दाखला हातात देण्याआधी आईबापांना मोठ्याने वाचून दाखवा. पाच मिनिटांचे काम आहे.

दुसरी गोष्ट पोलीस पाटलांसाठी आणि आपल्या सर्वांसाठी. वैमानिकाला पासपोर्ट लागतो, आणि नोकरी लागल्यावर विमानतळाच्या आत जायचा पास लागतो. दोन्हींसाठी पोलीस पडताळणी होते. आपल्याकडे बांधावरून, पाण्याच्या पाळीवरून भांडण झाले की तक्रारीत सगळ्या घराची नावे घालायची पद्धत आहे. जो पोरगा त्या दिवशी गावातही नव्हता, त्याचेही नाव जाते. नंतर गावात मिटते, पण कागदावर राहते, आणि ऐन वेळी ते आडवे येऊ शकते. रागाच्या भरात दुसऱ्याच्या पोराचे नाव लिहून देताना याचा विचार करा. असे प्रकरण आपल्या घरात असेल तर वकिलाकडून ते निकाली काढून त्याची प्रत फाईलला लावा आणि विचारल्यास सरळ सांगा.

लॉगबुक म्हणजे वैमानिकाचा सात-बारा

वैमानिकाने कोणत्या दिवशी, कोणते विमान, कुठून कुठे, किती वेळ चालविले, याची नोंद लॉगबुकात असते. त्यावर प्रशिक्षण संस्थेच्या जबाबदार माणसाची सही असते. भरतीवाला पहिल्यांदा हेच मागतो.

मेळाव्याला जाण्याआधी मुलाने किंवा मुलीने एक दिवस घरी बसून प्रत्येक पानाची बेरीज पुन्हा करावी. मागच्या पानाची बेरीज पुढे बरोबर आली आहे का, सह्या पूर्ण आहेत का, खाडाखोड कुठे आहे, ते पाहावे. नानांच्या मुलाच्या वहीत एका पानावर दीड तासाचा फरक निघाला. लबाडी नव्हती, बेरजेची चूक होती. संस्थेकडे जाऊन रीतसर दुरुस्त करून आणली.

न उडालेले तास लिहिण्याचा मोह कुणी दाखवील, तर त्याला दारातूनच परत पाठवा. २०११ साली देशात खोट्या गुणपत्रिकांवर वैमानिक लायसन्स काढल्याची प्रकरणे उघडकीस आली. अटका झाल्या, लायसन्से गेली. त्यांचेही आईबाप पैसे भरूनच बसले होते. आणि पैशापलीकडची गोष्ट म्हणजे, त्या विमानात पावणेदोनशे माणसे बसलेली असतात.

याच वेळी आणखी दोन तारखा तपासा. पहिल्या वर्गाचे वैद्यकीय प्रमाणपत्र चाळिशीच्या आतल्या वैमानिकाला वर्षभर चालते. ढगातून, नुसत्या यंत्रांवर नजर ठेवून विमान नेण्याची पात्रता, म्हणजे इन्स्ट्रुमेंट रेटिंग, तीही वर्षाने नवी करावी लागते. सीपीएलची मुदत २०२३ पासून पाचाऐवजी दहा वर्षे झाली, म्हणून पुष्कळ मुले निर्धास्त राहतात. लायसन्स जिवंत असते, पण त्यावरचे रेटिंग संपलेले असते. नांगर आहे पण फाळ गंजलेला, तशातली गत.

टेबलापुढे पाच मिनिटे

मेळाव्यात एका मोठ्या दालनात टेबले मांडलेली असतात. काही कंपन्यांची, काही टाइप रेटिंग देणाऱ्या संस्थांची, काही कर्ज देणाऱ्यांची. कोणते टेबल नोकरी देणाऱ्याचे आणि कोणते आपल्याकडून फी घेणाऱ्याचे, हे आधी ओळखावे. दोघेही तितक्याच गोड बोलतात.

कंपनीच्या टेबलापुढे जेमतेम पाच-सात मिनिटे मिळतात. नोकरी बहुधा त्या टेबलावर मिळत नाही. तिथे नाव लिहून घेतले जाते, फाईल बघितली जाते, आणि पुढे लेखी परीक्षा, संगणकावरची कल चाचणी, मुलाखत, नकली कॉकपिटमधली म्हणजे सिम्युलेटरची परीक्षा असे टप्पे होतात. कंपनीगणिक यात फरक असतो. तेव्हा टेबलापुढचे काम एवढेच, की आपला माणूस त्यांच्या ध्यानात राहावा आणि फाईलीत खोट निघू नये.

माहितीपत्रक एका पानाचे करावे. वर नाव, लायसन्स क्रमांक, मग एकूण तास, स्वतःच्या जबाबदारीचे तास, रात्रीचे, यंत्रांवरचे, दोन इंजिनांच्या विमानाचे तास, शेवटचे उड्डाण कधी केले ती तारीख आणि वैद्यकीय प्रमाणपत्राची मुदत. छंद, ध्येयवाक्ये यांनी जागा भरू नये.

ज्या कंपनीकडे जायचे तिची माहिती हवी. इंडिगोकडे मुख्यतः एअरबस ए-३२० जातीची विमाने आणि लहान गावांसाठी एटीआर आहेत. ऑगस्ट २०२२ मध्ये सुरू झालेली अकासा बोईंग ७३७ चालविते. एअर इंडिया जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा टाटांकडे गेली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये विस्तारा तीत विलीन झाली. बोईंगवाल्यापुढे उभे राहून "मला तुमची एअरबस चालवायची आहे" म्हटले तर पाच मिनिटांतली चार वाया गेली समजा.

कपडे स्वच्छ, इस्त्रीचे, अंगाला बसणारे असावेत. काळी पॅन्ट, पांढरा किंवा फिका शर्ट, पॉलिश केलेले बूट पुरतात. यासाठी वीस हजारांचा सूट शिवायची गरज नाही. एसटी किंवा रेल्वेने एक दिवस आधी पोहोचावे आणि रात्री झोपावे. मूळ कागद कुणाच्या हाती सोडू नयेत. झेरॉक्सचे चार-पाच संच न्यावेत.

आपल्या पोरांना काय येते, ते त्यांनाच ठाऊक नसते

नानांचा मुलगा मला म्हणाला, "शहरातल्या पोरांपुढे माझं इंग्रजी तुटकं पडतं." मी म्हटले, आधी मराठीत सांग. एप्रिलमध्ये दुपारी विमानाला धावपट्टी जास्त का लागते? त्याने सांगितले: हवा तापली की विरळ होते, पंखांना कमी उचल मिळते, इंजिनलाही जोर कमी पडतो. मी म्हटले, आता हेच चार लहान इंग्रजी वाक्यांत सांग. सांगितले. चुकले नाही. भरतीवाल्याला फाडफाड इंग्रजी नको असते; स्पष्ट, सावकाश आणि नेमके हवे असते. रेडिओवर तसेच बोलावे लागते.

मग विचारले, वळवाचे ढग समोर उभे राहिले तर? म्हणाला, "त्याच्या पोटात शिरायचं नाही. लांबून वळसा, नाहीतर परत." शेतात कांदा पडलेला असताना पश्चिमेला काळे डोंगर उभे राहतात, वारा अचानक थांबतो आणि मग गार झोत येतो, हे त्याने लहानपणापासून पाहिलेले आहे. पुस्तकातला ढग शेतातल्या ढगाशी जोडून सांगितला, तर ते उत्तर पाठ केलेले वाटत नाही. ज्या विमानावर आपण शिकलो त्याचे इंजिन, इंधन, कमीत कमी वेग हे तर झोपेतून उठवले तरी सांगता आले पाहिजे.

अवघड जागा वेगळीच निघाली. मुलाखतीत हमखास विचारतात: कॅप्टन चुकतोय असे दिसले तर तू काय करशील? नानांचा मुलगा गप्प झाला. त्याचे काही चुकले नाही. आपणच पोरांना शिकवतो, मोठ्यांपुढे बोलू नये. घरात बाप चुकत असला तरी पोरगा मान खाली घालतो. विमानात हे चालत नाही. जगात अपघात झालेत ते सहवैमानिकाला चूक दिसूनही तो वेळेवर, स्पष्ट बोलला नाही म्हणून. १९७७ साली टेनेरिफच्या धावपट्टीवर दोन जम्बो विमाने एकमेकांवर आदळून ५८३ माणसे गेली. त्यानंतर कॉकपिटमधल्या माणसांनी एकमेकांशी कसे बोलावे, याचे प्रशिक्षण जगभर सुरू झाले. मान राखून, पण ठामपणे "सर, उंची कमी आहे" म्हणता आले पाहिजे. ऐकले नाही तर पुन्हा म्हणता आले पाहिजे.

याचा सराव घरीच होतो. आठ दिवस पोराला तुमच्यापुढे खरे बोलू द्या. खताचा हिशेब चुकला तर त्याने सांगावे आणि तुम्ही रागावू नये.

मुलींबद्दलही सांगतो. "पोरीला कुठं विमानात घालता" म्हणणारे अजून आहेत. आपल्या देशातील वैमानिकांत सुमारे १५ टक्के महिला आहेत, जगाच्या सरासरीपेक्षा कितीतरी जास्त. कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी ऐंशीच्या दशकातच फक्त महिलांनी चालविलेल्या विमानाचे नेतृत्व केले.

पैशाचे उघड बोला

आज सीपीएलचा खर्च पन्नास लाखांच्या घरात, कुठे त्याहून जास्त जातो. टाइप रेटिंगचे पंधरा-वीस लाख वेगळे. चाळीस लाखांचे कर्ज दहा टक्क्यांनी घेतले तर नुसते व्याज वर्षाला चार लाख. दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याचा हप्ता साधारण ५३ हजार. म्हणजे मुलगा एक वर्ष घरी बसला की चार लाख गेले. कांद्याचा भाव धरून हिशेब करा.

धंद्यात चढउतारही मोठे आहेत. किंगफिशर २०१२ मध्ये बंद पडली, जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. दर वेळी अनुभवी वैमानिक बाजारात आले आणि नव्यांची रांग लांबली. दुसरीकडे २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांच्या मोठ्या मागण्या नोंदविल्या. तरी विमाने टप्प्याटप्प्याने येतात, आणि आपला हप्ता दर महिन्याला.

म्हणून ज्यांनी अजून पाऊल टाकलेले नाही त्यांनी आधी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी, मगच फी भरावी. चष्मा असला म्हणून कुणी बाद होत नाही, पण रंग ओळखण्यातला दोष किंवा दुसरे काही निघाले तर ते जमीन गहाण टाकण्याआधी कळलेले बरे. शिष्यवृत्तीची चौकशी करावी. महाज्योती या राज्याच्या संस्थेने इतर मागास व भटक्या वर्गातील उमेदवारांसाठी नागपूर फ्लाइंग क्लबमार्फत वैमानिक प्रशिक्षण योजना राबविली आहे. चालू वर्षाची स्थिती समाजकल्याण कार्यालयात विचारावी, आणि जातपडताळणी व नॉन-क्रिमीलेअरचे कागद आधीच तयार ठेवावेत.

नानांकडेही एकजण येऊन गेला होता. "आठ लाख द्या, आत सेटिंग आहे." नाना अर्धे तयार झाले होते. पोराला सांगितले नव्हते. त्याला वाईट वाटेल म्हणून. आणि पोराने नानांना सांगितले नव्हते की दिशाशोधनाचा पेपर तिसऱ्या वेळी सुटला आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग संपलेले आहे. बापावर आणखी बोजा नको म्हणून. दोघे एका घरात राहून एकमेकांपासून लपवत होते. हे माझ्या टेबलापाशी उघडे पडले. थोडा वेळ कुणी बोलले नाही. मग नाना म्हणाले, "आठ लाखाच्या गोष्टीपेक्षा ह्या रेटिंगचं बघू." तिथेच आठ लाख वाचले.

मेळाव्यात मुलाला तिसऱ्या प्रयत्नाबद्दल विचारलेच. त्याने सांगितले, दोनदा नापास झालो, कुठे चुकत होते, काय बदलले. त्या दिवशी नोकरी मिळाली नाही. रेटिंग नवे करून कळवा, म्हणाले. त्याने ते केले. सध्या लेखी परीक्षेचे बोलावणे आले आहे आणि तो अभ्यासाला बसला आहे. निकाल काय लागतो ते पुढे बघू.

जाण्याआधी एवढे तपासा

१) चारही कागदांवर नाव व जन्मतारीख एकच आहे.
२) लॉगबुकाची बेरीज पानोपानी जुळते, सह्या पूर्ण आहेत.
३) वैद्यकीय प्रमाणपत्र आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग मुदतीत आहे.
४) एका पानाचे माहितीपत्रक आणि झेरॉक्सचे संच तयार आहेत.
५) कोणत्या कंपनीकडे कोणते विमान, ते माहीत आहे.
६) नापास झालेला पेपर, मधला खंड, यावर खरे उत्तर तयार आहे.
७) कसल्याही करारावर किंवा बाँडवर त्याच दिवशी सही करायची नाही. घरी आणून वाचायचा, जाणत्याला दाखवायचा.
८) नोकरी लावतो म्हणणाऱ्या मध्यस्थाला एक रुपया द्यायचा नाही.
९) कर्ज किती, हप्ता किती, हे घरातल्या सगळ्यांना माहीत आहे.

नवव्या कलमापासून सुरुवात करा. आज संध्याकाळी जेवणे झाली की फाईल काढा, कर्जाचा कागद काढा आणि पोराला किंवा पोरीला समोर बसवा. कागदात काही अडले तर ग्रामपंचायतीत या. मंगळवारी मी तिथे असतो.